लस न दिलेली गाय

लाळ्या-खुरकूत रोगावरील लशीचे सामर्थ्य मोजण्याची जी रीत युरोपातील अधिकृत औषधसंहितेने घालून दिली आहे, तिच्यात निरोगी गुरांचे गट करतात, प्रत्येक गटाला लशीची कमीअधिक मात्रा टोचतात, आणि त्यांच्याबरोबर किमान दोन जनावरे अशी ठेवतात की ज्यांना लस मुळीच द्यावयाची नसते. काही आठवडे लोटले म्हणजे सर्वांच्या जिभेच्या त्वचेत जिवंत विषाणू टोचला जातो. पुढील आठ दिवसांत ज्यांच्या खुरांवर फोड उठत नाहीत ती जनावरे लशीने तारली असे मानावयाचे; परंतु त्या दोघांच्या खुरांवर मात्र फोड उठलेच पाहिजेत, कारण ते न उठले तर मुळात रोग दिला गेला की नाही याविषयीच संशय राहतो आणि साऱ्या प्रयोगाचा दाखला निकामी ठरतो. त्या दोघांचे दुःख प्रयोगाला आरंभापासून अभिप्रेत असते. त्यावाचून प्रमाण पुरे होत नाही.

वसुबारसेच्या संध्याकाळी सवत्स धेनूला ओवाळणाऱ्या आणि तिच्या देहात सर्व देवतांचा अधिवास मानणाऱ्या समाजाने या दोन जनावरांविषयी काय म्हणावे, हा प्रश्न मला दीर्घकाळ अस्वस्थ करीत आला आहे. अलीकडे गुरांच्या विषाणुजन्य रोगांवर नॅनोकणांच्या लशी तयार होऊ लागल्यापासून तो अधिकच निकडीचा झाला आहे. कारण त्या लशींनी हिंसेची कित्येक जुनी खाती चुकती करीत आणली असून, जे एक देणे त्यांनाही फेडता येत नाही ते आता एकटे आणि उघडे असे समोर येऊन उभे राहिले आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यापूर्वी रोग म्हणजे काय हे डोळ्यांसमोर असले पाहिजे, कारण गोठ्यापासून दूर बसून केलेली अहिंसेची चर्चा फार लवकर निर्मळ होते. लाळ्या-खुरकुतात जीभ सोलून निघते, तोंडातून लाळेच्या तारा लोंबतात, खुरांच्या बेचक्यांत फोड फुटून बैलाला पाऊल टाकवत नाही, दुभती गाय आटते, आणि दूध पिणारे वासरू कित्येकदा अंगावर एकही फोड न उठता हृदयाच्या दाहाने एकाएकी मरून पडते. १९२९ साली उत्तर ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झांबियात, प्रथम नोंदला गेलेला लम्पी त्वचारोग २०१९ मध्ये ओडिशात प्रकटला आणि २०२२ च्या पावसाळ्यात राजस्थान, गुजरात व महाराष्ट्रात त्याने हाहाकार उडविला. जनावरांचे बाजार बंद झाले; शेळ्यांच्या देवीवरची लस गाईबैलांना टोचण्यात आली; आणि महाराष्ट्र सरकारने मृत दुभत्या जनावरामागे ३० हजार, ओढकामाच्या जनावरामागे २५ हजार व वासरामागे १६ हजार रुपये अशी नुकसानभरपाई मंजूर केली. ही तजवीज आवश्यकच होती. पण ज्या घरी दावणीला एकच गाय होती आणि तिच्या दुधावर मुलांच्या शाळेचा खर्च निघत होता, त्या घरातून नेमके काय गेले हे कोणत्याही सरकारी दफ्तरात नमूद होण्यासारखे नसते. त्या साथीने आणखी एक कठोर गोष्ट शिकविली. लम्पीचा विषाणू चावऱ्या माश्या, डास आणि गोचिडी यांच्याद्वारे एका जनावराकडून दुसऱ्याकडे जातो. म्हणून जेथे निराधार गुरांना एकत्र बांधून सांभाळण्याचे पुण्यकर्म चालते तेथेच रोगाला वाट सोपी होते. करुणेने एका छताखाली आणलेल्या जिवांवर त्या करुणेचीच आपत्ती कोसळावी, यापेक्षा ज्ञानहीन दयेचा दारुण परिणाम कोणता असू शकेल? ज्याला गाईविषयी खरोखर कळवळा आहे त्याला प्रयोगशाळेकडे पाठ फिरविण्याची मुभा नाही, असे माझे मत याच साथीने दृढ झाले.

गुरांच्या रोगांचा शास्त्रीय अभ्यास या देशात आपल्याच पुण्यात सुरू झाला. १८८९ साली इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी तेथे स्थापन झाली आणि संसर्गाची भीती लक्षात घेऊन १८९३ मध्ये तिचे बिऱ्हाड हिमालयातील मुक्तेश्वरच्या एकान्तात हलविण्यात आले. तिच्यापुढचा मुख्य शत्रू होता बुळकांडी. १८९७ मध्ये स्वतः रॉबर्ट कॉख तेथे येऊन गेला. त्या काळी रोगातून वाचलेल्या जनावरांचे रक्त पुनःपुन्हा काढून त्याचे रक्तजल दुसऱ्यांना टोचीत. पुढे एडवर्ड्‌स या संशोधकाने बुळकांडीचा विषाणू बकऱ्यांच्या देहांतून पिढ्यान्‌पिढ्या नेऊन त्याचा जहालपणा उतरविला आणि गुरांसाठी लस सिद्ध केली. त्यानंतर केनियात वॉल्टर प्लाउराइट याने पेशींच्या संवर्धनावर अधिक सौम्य व खात्रीची लस तयार केली. स्वतंत्र भारताने १९५४ साली बुळकांडीच्या उच्चाटनाची मोहीम हाती घेतली. २०११ साली हा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले, आणि आज बुळकांडी हा शब्द खेड्यापाड्यांतील तरुणांनी केवळ शिवीत ऐकलेला असतो.

मनुष्याने आजवर दोनच विषाणुजन्य रोग समूळ नष्ट केले आहेत. दुसरा हा, गुरांचा. आणि पहिला, १९८० मध्ये जाहीर झालेला, माणसांचा देवीरोग. या दोहोंतील नाते मला विलक्षण वाटते. देवीची लस मुळात गाईच्या आचळांवरील फोडांतून मिळाली, आणि दीर्घकाळ ती वासरांच्या किंवा रेडकांच्या पोटाच्या कातडीवर ओरखडे काढून वाढविली जात असे. मुंबई इलाख्यात ती बेळगावच्या व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटमधून सर्वत्र रवाना होई. आपल्या आजोबा-पणजोबांच्या दंडावरील त्या गोल वणांमागे कोणा वासराचे सोललेले पोट होते. बुळकांडीच्या नाशाने आपण गोवंशाचे ते देणे काही अंशी फेडले असे म्हणावेसे वाटते. परंतु तेथेही मधल्या पायऱ्यांवर रक्त देणाऱ्या गाई, विषाणू अंगात वागविणारे बकरे, आणि लशीवाचून रोगाला सामोरी केलेली जनावरे उभी आहेतच.

आता आपल्या विचारपरंपरेत या जनावरांसाठी काय सापडते ते पाहू. यज्ञपरंपरेने पशुवधाचा प्रश्न टाळला नाही, पण सोडविलाही नाही. अश्वमेधाचे सूक्त रचणाऱ्या ऋषीने घोड्याची समजूत घातली की त्याचा नाश होत नसून तो सुगम मार्गाने देवांकडे जात आहे. मीमांसकांनी पुढे विहित हिंसेला हिंसेचा दोष नाही असा निर्णय दिला. त्या समजुतीत जो संकोच दडलेला आहे तो मला मीमांसकांच्या निर्णयापेक्षा अधिक प्रामाणिक वाटतो. जैन आचार्यांनी प्रश्न भावाकडे नेला: प्रमादाने, रागद्वेषाने प्राण्याला पीडा होते ती हिंसा, आणि पीडा पावणाऱ्या जिवाची इंद्रिये जितकी अधिक तितके तिचे गांभीर्य मोठे. हा विचार सूक्ष्म आहे, पण प्रयोगशाळेच्या दाराशी तो अडतो. तेथील पशुवैद्य प्रमादी नसतो, त्याच्या मनात द्वेष नसतो, कित्येकदा त्याच्याइतके त्या गाईला कोणीच जपलेले नसते; आणि तरीही तिच्या जिभेत सुई तोच खुपसतो, जाणून आणि मोजून.

१९२८ मध्ये साबरमतीच्या आश्रमात असह्य वेदनांनी तळमळणाऱ्या एका वासराला गांधीजींनी डॉक्टरकडून विषाची सुई देवविली, तेव्हा देशभर केवढा गहजब झाला हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे. त्यांच्या युक्तिवादाचे सार असे होते की स्वार्थाने वा क्रोधाने दिलेली पीडा ही हिंसा, आणि ज्याला पीडा होते त्याच्याच सुटकेसाठी, दुसरा उपाय नसताना केलेला देहान्त हा अहिंसेचाच कठीण आचार. हा युक्तिवाद मला मान्य आहे; पण तो या दोन गाईंना लागू पडत नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. साबरमतीच्या वासराला मृत्यू आला तो त्याच्यासाठी. लस न दिलेल्या गाईला रोग येतो तो इतरांसाठी, आणि त्या इतरांत दूध पिणारे आपणही असतो. गांधीजींना जिवंत प्राण्यांवरील प्रयोगांचा मनस्वी तिटकारा होता, यात आश्चर्य नाही. याच्या विरुद्ध टोकाला सावरकर उभे आहेत. गोपालन हवे, गोपूजन नव्हे, असे बजावताना त्यांनी गाईला उपयुक्त पशूचे स्थान दिले आणि भाबडेपणावर जे प्रहार केले त्यांतील कित्येक योग्यच होते. परंतु उपयुक्तता हेच शेवटचे माप ठरविले की लक्षावधी गुरांच्या रक्षणापुढे दोन गुरांचा खर्च हा किरकोळ ठरतो आणि विचार तेथेच थांबतो. माझी तक्रार आहे ती या थांबण्याविषयी.

नॅनोकणांच्या लशीने या प्रश्नात जो पालट घडविला आहे तो समजून घ्यावयाचा तर जुन्या लशींची घडण ठाऊक हवी. लाळ्या-खुरकुताची रूढ लस म्हणजे मारलेला विषाणू. आणि मारण्यासाठी तो आधी जिवंत, प्रचंड प्रमाणात वाढवावा लागतो. गेल्या शतकाच्या मध्यास फ्रेंकेल या डच संशोधकाने तो कत्तलखान्यातून आणलेल्या गुरांच्या जिभेच्या त्वचेवर वाढविण्याची पद्धती शोधली; नंतर तिची जागा हॅम्स्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या मूत्रपिंडपेशींनी घेतली. अनेक विषाणुलशींच्या पेशी पोसण्यासाठी जे रक्तजल लागत आले आहे ते गाभण गाईच्या कत्तलीनंतर तिच्या पोटातील न जन्मलेल्या वासराच्या रक्तापासून काढतात. गोवंशाच्या रक्षणाची लस गोवंशाच्या गर्भाच्या रक्तावर पोसली जावी, हे वाचून ज्याच्या मनाला चटका बसत नाही त्याच्याशी अहिंसेची चर्चा करण्यात अर्थ नाही. व्यवहारातही ते रक्तजल निर्धोक नसते. त्यातून बोव्हाइन व्हायरल डायरियाचा विषाणू लशीत शिरल्याची उदाहरणे घडली आहेत.

शिवाय जिवंत विषाणूचे कारखाने म्हणजे सतत बंदोबस्तात ठेवावयाचे संकट. फ्रीड्रिख लोफलर याने फ्रॉश याच्याबरोबर १८९८ मध्ये लाळ्या-खुरकुताचे कारण गाळणीतूनही पार होणारे असल्याचे दाखविले. पण त्याच्या प्रयोगांतून भोवतालच्या गुरांना रोगाची बाधा होऊ लागली, म्हणून १९१० साली त्याला बाल्टिक समुद्रातील रीम्स बेटावर आपली संस्था न्यावी लागली. पुण्याहून मुक्तेश्वर, किनाऱ्याहून रीम्स: ज्ञानाला वस्तीपासून दूर जावे लागण्याचा हा एकच इतिहास आहे. आणि दूर जाऊनही पुरत नाही. २००७ मध्ये इंग्लंडातील सरे परगण्यात उद्भवलेली साथ पर्ब्राइट येथील संशोधन व लसनिर्मितीच्या आवारातून, बहुधा नादुरुस्त सांडपाण्याच्या नळांवाटे, बाहेर पडलेल्या विषाणूची होती.

लाळ्या-खुरकुताचा विषाणू इतका लहान की मिलिमीटरचे दहा लक्ष भाग केले तर त्यांतील सुमारे तीस भागांएवढी त्याची रुंदी. चार प्रकारच्या प्रथिनांच्या प्रत्येकी साठ प्रती एकमेकींत बसून त्याचे कवच होते आणि आत रोग वाढविणारे जनुकद्रव्य असते. शास्त्रज्ञांनी ठरविले की हे कवचच तेवढे, आत काहीही न ठेवता, घडवावयाचे. अडचण अशी की रिकामे कवच थोड्या उष्णतेने किंवा आम्लाने ढासळते. २०१३ मध्ये पर्ब्राइट, ऑक्सफर्ड आणि रेडिंग येथील संशोधकांनी त्या प्रथिनांत असा पालट केला की शेजारच्या घटकांमध्ये गंधकाचा जोड बसून कवच टिकाऊ झाले. ते त्यांनी किड्यांच्या पेशींत तयार केले आणि गाईंवर पारखले. दुसरी रीत विषाणूचे एखादेच प्रथिन परक्या कणाच्या पृष्ठभागावर ओळीने बसविण्याची आहे: ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या संशोधकांनी बोव्हाइन व्हायरल डायरियासाठी सच्छिद्र सिलिकाचे कण वापरले, तर गर्भातील वासरे विकृत करणाऱ्या, जर्मनीत २०११ साली सापडलेल्या श्मालेनबर्ग विषाणूसाठी रीम्सच्याच संस्थेत आपोआप जुळणाऱ्या प्रथिनकणांवरील लस तपासली गेली. एकेकटे प्रथिन देहाच्या रक्षकपेशींना नीट दिसत नाही. तेच दाटीने, नियमित अंतरावर, विषाणूच्या आकारमानाच्या कणावर मांडले की त्या खडबडून जाग्या होतात. दोरीच्या ठिकाणी भासणाऱ्या सर्पाचा दृष्टान्त अद्वैती आचार्य भ्रमातून सोडविण्यासाठी देतात. येथे देहाला पडणारा तोच भ्रम त्याचे प्राण वाचवितो.

यातून हिंसेच्या किती शाखा छाटल्या जातात पाहा. जिवंत विषाणूची शेती नको, म्हणून तो नळांतून निसटण्याचे भय नाही. जिवाणू, यीस्ट किंवा किड्यांच्या पेशी पुष्कळदा गर्भाच्या रक्तजलावाचून वाढतात. कोणी जैन वाचक विचारील की किड्याच्या पेशी तरी कोठून आल्या. त्या दशकांपूर्वी एका पतंगाच्या कोशातून घेतल्या गेल्या, हे खरेच आहे, आणि हिंसा येथे शून्य झाली असे मी म्हणत नाही, तिची पायरी पंचेंद्रिय जिवापासून खाली उतरली एवढेच म्हणतो. आणखी एक लाभ मला सर्वांत मोठा वाटतो. लाळ्या-खुरकुताच्या २००१ च्या साथीत हॉलंडमध्ये लस टोचून रोगापासून वाचविलेली जनावरेसुद्धा पुढे मारण्यात आली, कारण लस घेतलेले जनावर आणि रोग झालेले जनावर यांच्या रक्तात निर्यातीच्या व्यापाऱ्यांना पटेल असा फरक दाखविणे कठीण होते. रिकाम्या कवचाच्या लशीत विषाणूच्या वाढीच्या वेळी निर्माण होणारी प्रथिने मुळीच नसतात, म्हणून केवळ लस घेतलेल्या गाईच्या रक्तात त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे उत्पन्न होत नाहीत आणि ती रोगी नव्हती हे सिद्ध करता येते. वाचविले त्यालाच संशयापायी मारावे, या अधर्माला आता निमित्त उरत नाही.

एवढे होऊनही ती दोन जनावरे जिभेत सुई घेण्यासाठी उभीच आहेत. नवी लस जितकी अधिक कल्पक, तितकी ती खरोखर वाचविते की नाही हे दाखविण्याची गरज अधिक. म्हणून पहिल्या कसोटीत तरी लस न दिलेली गाय लागणारच.

माझ्या मते या गाईशी आपले नाते पाप-पुण्याच्या वजाबाकीने समजत नाही. ते ऋणाच्या कल्पनेने समजते. तैत्तिरीय संहितेने मनुष्य तीन ऋणे घेऊन जन्मतो असे सांगितले, शतपथ ब्राह्मणाने त्यांत मनुष्यांचे ऋण मिळविले, आणि पंचमहायज्ञांत भूतमात्राला रोजचा वाटा ठेवून त्या दिशेने आणखी एक पाऊल टाकले गेले. ऋणाचे वैशिष्ट्य असे की घेणे योग्य होते हे सिद्ध झाल्याने देणे सुटत नाही. शेतकऱ्याला हे पंडितांच्या आधी कळले आहे. महाभारताच्या शान्तिपर्वात तुलाधार वाणी बैलांच्या नाकांत वेसण घालणाऱ्यांना आणि त्यांच्यावर भार लादणाऱ्यांना खडसावतो. आपल्या कुणब्याने ते कर्म सोडले नाही, सोडणे त्याला शक्यही नव्हते, पण पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तो बैलाचा खांदा हळद-लोण्याने चोळतो. शिंगे रंगविणे, झूल घालणे, मिरवणूक हे सारे दुसऱ्या दिवशीचे. पहिला उपचार नेमका त्या जागी होतो जेथे त्याने स्वतः जू ठेवले होते. खांदेमळणीत तो बैलाला देव म्हणत नाही आणि जनावर म्हणून झटकूनही टाकीत नाही. आपण दिलेला घट्टा आपल्या हाताने कबूल करतो.

शास्त्राने हीच कबुली आपल्या रीतीने द्यावी. रोग देऊन पाहण्याऐवजी रक्तातील प्रतिपिंडांच्या मापावरून लशीचे सामर्थ्य ठरविण्याच्या पद्धती आता कित्येक ठिकाणी मान्य होत आहेत. प्रत्येक नव्या खेपेसाठी पुन्हा गाई आजारी पाडणे जेथे अशा मापाने टळते तेथे ते टाळलेच पाहिजे. पहिला फोड दिसताच निदान पुरे झाले असे मानून वेदनाशमन सुरू करावे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नांतून आलेल्या १९६० च्या प्राणिक्रूरताविरोधी कायद्याखालील नियमांनी प्रयोगानंतरच्या शुश्रूषेची व पुनर्वसनाची जबाबदारी संशोधकावर टाकली आहे आणि तो खर्च संशोधनाच्याच खर्चात धरण्यास सांगितले आहे. हा नियम मला आपल्या काळातील खरा गोसेवेचा दस्तऐवज वाटतो. त्याची अंमलबजावणी वर्षानुवर्षे, जनावर म्हातारे होईपर्यंत, होते की नाही याची चौकशी करण्याचा हक्क गोभक्तांनी बजावावा.

आणि लस पोहोचली पाहिजे. २०१९ च्या गणनेत या देशात सुमारे १९ कोटी गाईबैल आणि ११ कोटी म्हशी होत्या. त्याच वर्षी केंद्र सरकारने लाळ्या-खुरकूत व ब्रुसेला यांच्याविरुद्ध पाच वर्षांसाठी १३,३४३ कोटी रुपयांची योजना जाहीर केली. रूढ लशीचा प्रभाव महिन्यांत ओसरतो, म्हणून ती वर्षातून दोनदा टोचावी लागते आणि कारखान्यापासून गोठ्यापर्यंत थंड राखावी लागते. पावसाळ्यात सह्याद्रीच्या वाड्या-पाड्यांवर ते कसे जमते हे पशुधन पर्यवेक्षकांना विचारावे. उष्णता सोसणारे कवच त्यांचे काम सोपे करू शकेल. ते सिद्ध होईल तेव्हा त्याची किंमत ठरविणाऱ्यांनी म्हशीला, भाकड गाईला आणि दूध न देणाऱ्या गोऱ्ह्यालाही ती परवडेल अशी ठरवावी, आणि कसोटीतून जिवंत राहिलेल्या जनावरांच्या जन्मभरच्या वैरणीचा खर्च त्याच किमतीत, पहिल्या रकान्यात, मांडावा.